९ महिन्यांची बंदी, १७ महिन्यांचा वनवास : सिमोना हालेप प्रकरणाचा अभ्यास

५ मार्च २०२४ रोजी लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिच्यावरील ४ वर्षांची बंदी ९ महिन्यांवर आणली. हे ९ महिने निकालाच्या दिवसापासून मोजायचे नव्हते. ते ७ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू होऊन ६ जुलै २०२३ रोजी संपल्याचे न्यायालयाने ठरवले. म्हणजे शिक्षेची मुदत उलटून ८ महिने झाल्यावर ती शिक्षा नेमकी किती होती हे खेळाडूला कळले, आणि त्या ८ महिन्यांतही तिला एकही अधिकृत सामना खेळता आलेला नव्हता. पुढे ११ महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, तिने निवृत्ती जाहीर केली.

हालेप प्रकरणाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: तिने उत्तेजक घेतले की नाही? दोन लवादांनी या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिली आणि त्यांतले दुसरे अंतिम ठरले. प्रस्तुत अभ्यासाचा रोख मात्र त्या उत्तरापर्यंतच्या वाटेवर आहे. कोणी काय सिद्ध करायचे, किती खात्रीने करायचे आणि तोवर खेळाडूने कोठे थांबायचे, या तीन बाबींनी या प्रकरणाचा निकाल घडवला. त्यांतली तिसरी बाब शिक्षेहून जड ठरली, असे माझे मत आहे.

बंदीपूर्वीची कारकीर्द

हालेपचा जन्म २७ सप्टेंबर १९९१ रोजी काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्त्सा या बंदराच्या शहरात झाला. थोरल्या भावाच्या मागोमाग ती वयाच्या चौथ्या वर्षी टेनिसकडे वळली आणि सोळाव्या वर्षी सरावासाठी घर सोडून बुखारेस्टला गेली. रोमानियात टेनिसची परंपरा जुनी आहे. १९७३ साली पुरुषांची संगणकीय क्रमवारी सुरू झाली, तेव्हा पहिल्या स्थानावर इली नास्तासे होता. १९७८ साली व्हर्जिनिया रुझिचीने फ्रेंच स्पर्धा जिंकली होती, आणि हीच रुझिची पुढे अनेक वर्षे हालेपची व्यवस्थापक होती. २००८ साली हालेपने फ्रेंच स्पर्धेचे मुलींचे विजेतेपद मिळवले, तेव्हा अंतिम सामन्यातली तिची प्रतिस्पर्धी एलेना बोगदानही रोमानियाचीच होती.

कुमार गटातल्या यशानंतर मोठ्यांच्या टेनिसमध्ये स्थिरावायला तिला ५ वर्षे लागली. २०१३ साली मात्र तिने न्युरेम्बर्ग, सेर्टोखेनबॉस, बुडापेस्ट, न्यू हेवन, मॉस्को आणि सोफिया अशी ६ विजेतेपदे एकाच वर्षात मिळवली; ही तिच्या कारकिर्दीतली पहिलीच ६ विजेतेपदे होती. पुढच्या वर्षी ती फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मारिया शारापोव्हाकडून ६-४, ६-७, ६-४ अशी हरली आणि ऑगस्टमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर पोहोचली.

तिची उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर. बिनतोड सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळवणाऱ्या उंचापुऱ्या खेळाडूंच्या काळात तिला प्रत्येक गुण धावून मिळवावा लागत असे. तिचे पदलालित्य, बचावातून आक्रमणाकडे वळण्याची चपळाई आणि बॅकहँडने सरळ रेषेत मारलेला फटका ही तिची शस्त्रे होती. या शैलीत शरीराची झीज फार होते, आणि पुढे शरीर भरून येण्यासाठी पूरक आहाराचा आधार घेण्याचा प्रश्न आला तेव्हा ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरली.

तिच्याविषयी दुसरी शंका मनोबलाची होती. मार्च २०१७ मध्ये मायामी येथे जोहाना कोंटाविरुद्धच्या सामन्यात ती इतकी खचली, की तिची हार मानण्याची वृत्ती आपल्याला मान्य नाही असे सांगून प्रशिक्षक डॅरेन केहिल यांनी साथ सोडली. तिने वर्तन सुधारल्यावर ते काही आठवड्यांनी परतले. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात येलेना ओस्टापेन्कोविरुद्ध पहिला सेट जिंकून, दुसऱ्यात ३-० अशी आघाडी घेऊनही ती हरली. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली. हा मान मिळवणारी ती रोमानियाची पहिलीच महिला. पण तोवर एकही ग्रँड स्लॅम विजेतेपद तिच्या नावावर नव्हते, आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅरोलिन वोझनियाकीकडून हरल्यानंतर शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे तिला रुग्णालयात न्यावे लागले. त्या स्पर्धेत तिने लॉरेन डेव्हिसविरुद्धचा तिसरा सेट १५-१३ असा जिंकला होता आणि उपांत्य फेरीत अँजेलिक केर्बरविरुद्ध मॅच पॉइंट वाचवले होते.

त्यानंतर पाचच महिन्यांनी तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली: स्लोअन स्टीफन्सविरुद्ध पहिला सेट गमावून ३-६, ६-४, ६-१. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तिने सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ असे अवघ्या ५६ मिनिटांत हरवले आणि संपूर्ण सामन्यात स्वतःकडून फक्त ३ चुका होऊ दिल्या. महिलांच्या अंतिम सामन्यांतला इतका निर्दोष खेळ क्वचितच पाहायला मिळाला असेल. विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद रोमानियाकडे आणणारी ती पहिलीच खेळाडू. नास्तासे १९७२ आणि १९७६ साली अंतिम सामन्यात हरला होता. एकूण ६४ आठवडे ती पहिल्या स्थानावर होती आणि सलग ३७३ आठवडे पहिल्या दहांत.

२०२२ चा ऑगस्ट

ही ३७३ आठवड्यांची मालिका ऑगस्ट २०२१ मध्ये तुटली. त्या वर्षी मे महिन्यात रोमच्या स्पर्धेत पोटरीचा स्नायू फाटल्याने तिला फ्रेंच स्पर्धा, विम्बल्डन आणि ऑलिंपिक या तिन्हींना मुकावे लागले. केहिल यांच्याशी असलेला करार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपला. २०२२ च्या सुरुवातीला निवृत्तीचा विचार मनात आल्याचे तिने नंतर सांगितले आहे. एप्रिल २०२२ मध्ये तिने सेरेना विल्यम्सचे माजी प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांच्याबरोबर काम सुरू केले. फ्रेंच स्पर्धेत सामना चालू असताना ती भीतीच्या झटक्याने कोलमडली, पण विम्बल्डनमध्ये उपांत्य फेरी गाठली आणि ऑगस्टमध्ये टोरांटोची स्पर्धा जिंकली. हे तिचे २४ वे विजेतेपद होते. तिसाव्या वर्षी ती पुन्हा पहिल्या दहांत आली होती.

याच ऑगस्टमध्ये, अमेरिकन स्पर्धेच्या तोंडावर, प्रशिक्षण चमूच्या सूचनेवरून तिच्या आहारात कोलॅजेनयुक्त एक पूरक पावडर आली. ती एका कॅनेडियन कंपनीची होती. सांधे आणि स्नायू भरून येण्यासाठी असे पदार्थ व्यावसायिक खेळाडू सर्रास घेतात. डब्यावर छापलेल्या घटकांत बंदी असलेल्या पदार्थाचा उल्लेख नव्हता. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये मुराटोग्लू यांनी हे कोलॅजेन आपल्याच चमूने तिच्यापर्यंत आणल्याचे जाहीरपणे सांगून त्याची जबाबदारी स्वीकारली.

२९ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ती युक्रेनच्या दारिया स्निगूर या पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूकडून ६-२, ०-६, ६-४ अशी हरली. त्याच दिवशी घेतलेल्या मूत्राच्या नमुन्यात रोक्साडुस्टॅट हा पदार्थ आढळला. सप्टेंबरमध्ये श्वासाच्या त्रासावर तिने नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि हंगाम संपवला. ७ ऑक्टोबर रोजी तिच्यावर तात्पुरती बंदी लागू झाली आणि त्याच महिन्यात ती जाहीर झाली. ‘ब’ नमुन्यानेही, म्हणजे त्याच नमुन्याच्या राखून ठेवलेल्या दुसऱ्या भागानेही, पहिल्या तपासणीला दुजोरा दिला.

पदार्थ आणि पासपोर्ट

रोक्साडुस्टॅट हे मूत्रपिंडाच्या जुनाट विकारामुळे होणाऱ्या रक्तक्षयावरचे औषध आहे. शरीराला प्राणवायू कमी पडत असल्याचा भास पेशींमध्ये निर्माण करून ते एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ‘ईपीओ’, या संप्रेरकाची निर्मिती वाढवते. त्यामुळे तांबड्या रक्तपेशी वाढतात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. सायकल शर्यतींना बदनाम करणाऱ्या ईपीओच्या इंजेक्शनांचे काम हे औषध गोळीच्या रूपात करते. म्हणूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, यादीत त्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. सर्दीच्या औषधातून चुकून शरीरात जाऊ शकणाऱ्या पदार्थांना नियमांत जी थोडी सवलत मिळते, ती त्याला नाही. त्याच्यासाठी शिक्षेची सुरुवातच ४ वर्षांपासून होते आणि तात्पुरती बंदी अनिवार्य असते.

नियमांची पहिली कठोर अट अशी, की नमुन्यात पदार्थ सापडला एवढ्यानेच नियमभंग सिद्ध होतो. तो कसा आला, हेतू काय होता, हे नंतर येते आणि ते दाखवण्याची जबाबदारी खेळाडूची. हालेपला दाखवायचे होते की हा पदार्थ दूषित पावडरीतून आला, आणि हे ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता अधिक’ इतक्या प्रमाणात पटवले तरी पुरेसे होते.

मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेने, म्हणजे ‘आयटीआयए’ने, तिच्यावर दुसरा आरोप ठेवला. हा आरोप तिच्या जैविक पासपोर्टवर आधारलेला होता. खेळाडूच्या रक्तातील हिमोग्लोबिन, अपक्व तांबड्या पेशींचे प्रमाण आणि त्यांच्यापासून काढलेला गुणांक यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते, आणि ही आकडेवारी त्या खेळाडूच्या स्वतःच्या पट्ट्याबाहेर गेली तर तिची नोंद घेतली जाते. मग तीन तज्ज्ञ ती तपासतात. या टप्प्यावर त्यांच्यापुढे खेळाडूचे नाव नसावे, क्रमांक असावा, अशी पद्धत आहे. हालेपच्या पासपोर्टमध्ये ५१ रक्तनमुने होते आणि तिघाही तज्ज्ञांनी त्यातली विसंगती ‘बहुधा उत्तेजकामुळे’ असल्याचा निष्कर्ष काढला. हालेपचा आक्षेप असा होता, की तिची ओळख कळल्यानंतर तिघांपैकी दोघांनी मत बदलले. सप्टेंबर २०२२ मधल्या ज्या नमुन्यावर मोठा भर होता, तो शस्त्रक्रियेनंतरचा होता. त्या काळातला रक्तस्राव आणि सरावातला खंड यांमुळे आकडे बदलले, असेही तिच्या बाजूचे म्हणणे होते.

या दुसऱ्या आरोपात सिद्ध करण्याची जबाबदारी उलटी होती. येथे ‘आयटीआयए’ला आपले म्हणणे सिद्ध करायचे होते, आणि तेही अधिक वरच्या पातळीवर: लवादाचे ‘निश्चिंत समाधान’ होईल इतपत. ही पातळी दिवाणी दाव्यातल्या पुराव्याहून वर आणि फौजदारी खटल्यातल्या ‘निःसंशय’ पुराव्याहून खाली मानली जाते. एकाच खेळाडूच्या एकाच काळातल्या शरीराविषयी दोन वेगळे ओझे आणि दोन वेगळ्या पातळ्या, अशी ही रचना होती. दोन्ही निकाल समजून घ्यायचे तर हे ध्यानात ठेवावे लागते.

पहिला निकाल : मात्रेचा प्रश्न

सुनावणी २८ आणि २९ जून २०२३ रोजी लंडनमध्ये झाली. त्याआधी ती अनेकदा पुढे ढकलली गेली होती आणि हालेपने त्याविषयी जाहीर तक्रार केली होती. तात्पुरत्या बंदीत असल्यामुळे ऑगस्टमध्ये अमेरिकन स्पर्धेच्या यादीतून तिचे नाव वगळण्यात आले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी स्वतंत्र लवादाने दोन्ही आरोप मान्य करून तिला ६ ऑक्टोबर २०२६ पर्यंत बंदी घातली.

या निकालातला एक मुद्दा वृत्तांमध्ये बहुतेक वेळा सुटला. तिने दूषित पूरक पदार्थ घेतला, हे लवादाने नाकारले नव्हते. लवादाचे म्हणणे असे, की तिने घेतलेल्या पावडरीच्या प्रमाणातून मूत्रात आढळली तेवढी रोक्साडुस्टॅटची तीव्रता निर्माण होऊ शकत नाही. म्हणजे वाद पदार्थाच्या उगमाचा राहिला नाही. तो हिशेबाचा झाला. पावडर किती घेतली, दूषितपणा डब्यात समान पसरलेला होता का, शरीर तो किती वेगाने बाहेर टाकते, नमुना नेमका किती तासांनी घेतला, या प्रत्येक आकड्याला त्रुटीची मर्यादा असते आणि या मर्यादा एकमेकांवर चढत जातात. लवादाने एका बाजूच्या तज्ज्ञांचे गणित स्वीकारले, आणि तीव्रतेचा मेळ बसत नसेल तर काहीतरी आणखी घेतले असले पाहिजे, या तर्काला पासपोर्टच्या निष्कर्षाने बळ दिले. हा निकाल मला अन्यायकारक खोडसाळपणा वाटत नाही. समोरच्या पुराव्यावरून तसे वाटणे शक्य होते. मात्र तो दोन अनिश्चित गोष्टींनी एकमेकींना आधार देण्यासारखा होता: तीव्रतेवरून पासपोर्टवर संशय आणि पासपोर्टवरून तीव्रतेवर.

४ वर्षांची बंदी म्हणजे पस्तिसाव्या वर्षी परत येण्याची मुभा. पहिल्या स्थानावर राहिलेल्या महिला टेनिसपटूसाठी तो व्यवहारात पूर्णविराम होता.

दुसरा निकाल : पारडे कोणाकडे

हालेपने लोझानला अपील केले. ७ ते ९ फेब्रुवारी २०२४ असे ३ दिवस सुनावणी झाली आणि ५ मार्चला, सुनावणीनंतर महिन्याच्या आत, तीन सदस्यांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला. तात्पुरत्या बंदीपासून पहिल्या लवादाच्या निकालापर्यंत गेलेल्या अकरा महिन्यांशी हा वेग ताडून पाहण्याजोगा आहे.

निर्णयाचे तीन भाग होते. पहिला: नमुन्यातला रोक्साडुस्टॅट २९ ऑगस्टपूर्वीच्या दिवसांत घेतलेल्या दूषित पूरक पदार्थातूनच आला, हे हालेपने आवश्यक पातळीवर दाखवले आहे, म्हणून नियमभंग हेतुपुरस्सर नव्हता. दुसरा: तरीही तिची चूक होती. पूरक पदार्थ वापरताना तिने पुरेशी काळजी घेतली नाही, पण ही चूक ‘लक्षणीय’ म्हणावी इतकी नव्हती. तिसरा: जैविक पासपोर्टवरून नियमभंग झाल्याचे निश्चिंत समाधान न्यायालयाला झाले नाही, म्हणून तो आरोप फेटाळण्यात आला.

दुसऱ्या भागाकडे तिच्या समर्थकांनी बहुतेक दुर्लक्ष केले. ‘निर्दोष सुटका’ असा शब्दप्रयोग रोमानियातच नव्हे, बाहेरही वापरला गेला, आणि तो चुकीचा आहे. ९ महिन्यांची बंदी ही चुकीचीच शिक्षा होती. पूरक पदार्थांत अनुल्लेखित औषधे मिसळलेली आढळतात, असा इशारा ‘वाडा’ आणि खेळांच्या संघटना वर्षानुवर्षे देत आल्या आहेत. प्रत्येक घाण्याची स्वतंत्र तपासणी केलेली उत्पादने निवडता येतात. कारकिर्दीत ४ कोटी डॉलरहून अधिक बक्षिसे मिळवलेल्या आणि वैद्यकीय सल्ला परवडणाऱ्या खेळाडूने स्पर्धेच्या ऐन तोंडावर नवी पावडर सुरू करताना ही खातरजमा करणे अपेक्षित होते. चमूने सुचवले ही परिस्थिती समजून घेता येते, पण नियमाने जबाबदारी शेवटी खेळाडूवरच टाकली आहे आणि ती तशी टाकली नसती तर उत्तेजकविरोधी व्यवस्था एका दिवसात कोसळली असती, कारण प्रत्येकाने आपापल्या फिजिओकडे बोट दाखवले असते.

दुसऱ्या निकालाने खरी उलटापालट केली ती तिसऱ्या भागात. विसंगत आकड्यांचा अर्थ ‘बहुधा उत्तेजक’ असा लावणे आणि इतर कारणे शक्य असताना तोच अर्थ निश्चिंत समाधानाने स्वीकारणे, यांत न्यायालयाने फरक केला. एकदा पासपोर्टचा आधार निघाला, की तीव्रतेचा प्रश्न एकटाच उरतो, आणि तेथे खेळाडूला फक्त अधिक शक्यता दाखवायची असते. दोन प्रश्न वेगळे करताच त्यांची उत्तरे बदलली.

प्रक्रियेची किंमत

आता कालावधीकडे पाहू. तात्पुरती बंदी ७ ऑक्टोबर २०२२ रोजी लागली आणि ५ मार्च २०२४ रोजी उठली. हे सुमारे १७ महिने होतात. या काळात पाच ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यांपैकी २०२३ च्या ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच या दोन ९ महिन्यांच्या खऱ्या शिक्षेत मोडतात. विम्बल्डन ३ जुलैला सुरू झाले होते, म्हणजे तेही शिक्षेतच गेले असते. पण २०२३ ची अमेरिकन आणि २०२४ ची ऑस्ट्रेलियन या दोन स्पर्धा, शेवटच्या निकालाप्रमाणे पाहता, तिने कोणत्याही शिक्षेविना गमावल्या. त्यांची भरपाई कोणत्याही नियमात नाही.

क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. निकाल लागला तेव्हा एकेकाळची क्रमांक एकची खेळाडू यादीतच नव्हती. दुखापतीतून किंवा बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूंना जुन्या क्रमवारीच्या आधारे प्रवेश मिळतो. बंदीतून परतणाऱ्याला तो मिळत नाही. तिला वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेल्या प्रवेशावर, अवलंबून राहावे लागले, आणि त्यावरून नवा वाद पेटला. मार्च २०२४ मध्ये हालेपला मायामीत वाइल्ड कार्ड मिळाल्यावर वोझनियाकीने म्हटले, की बंदी भोगलेल्यांना वाइल्ड कार्ड देऊ नयेत. ज्या अंतिम सामन्याने २०१८ साली हालेपला रुग्णालयात पोहोचवले होते, त्याच सामन्यातली प्रतिस्पर्धी हे म्हणत होती, त्यामुळे ते अधिक झोंबले असणार. हालेपने उत्तर दिले, की आपण फसवणूक केलेली नाही. तत्त्व म्हणून वोझनियाकीचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण न्यायालयाने ‘हेतुपुरस्सर नाही’ म्हटलेल्या प्रकरणात ते लावणे म्हणजे शिक्षा संपल्यावर आणखी एक शिक्षा जोडणे होय.

तुलनेसाठी २०२४ ची दोन प्रकरणे पाहावी लागतात. त्या वर्षी मार्चमध्ये इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेले स्टेरॉइड आढळले. त्याने तत्परतेने दाद मागितल्याने तात्पुरती बंदी उठली, ऑगस्टमध्ये स्वतंत्र लवादाने त्याला दोषमुक्त ठरवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वाडा’शी झालेल्या तडजोडीत ३ महिन्यांची बंदी निश्चित झाली. १२ ऑगस्ट २०२४ रोजी घेतलेल्या पोलंडची टेनिसपटू इगा श्विआंतेक हिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन या बंदी असलेल्या हृदयविकारावरच्या औषधाचा अंश सापडला. पोलंडमध्ये विकत घेतलेल्या झोपेच्या औषधाच्या गोळ्या दूषित असल्याचे तिने काही आठवड्यांत दाखवले, ४ ऑक्टोबरला तात्पुरती बंदी उठली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस १ महिन्याची शिक्षा जाहीर झाली. आपल्याला वेगळी वागणूक का, असा प्रश्न हालेपने तेव्हा जाहीरपणे विचारला.

या प्रश्नाचा अर्धा भाग रास्त आहे आणि अर्धा नाही. श्विआंतेकचे औषध नियंत्रित उत्पादन होते, अंश अत्यल्प होता आणि पावडरीच्या बाबतीत जो मात्रेचा वाद झाला तो तेथे उद्भवलाच नाही. शिवाय जैविक पासपोर्टचा दुसरा आरोप नव्हता. अशा प्रकरणांची शिक्षा सारखी असावी, असे म्हणता येत नाही. पण वेगाविषयीची तक्रार खरी आहे. उगम लवकर सापडला तर काही आठवड्यांत खेळायला मोकळीक, आणि उगम मान्य होऊनही मात्रेवर मतभेद झाला तर दीड वर्ष घरी, हा फरक शिक्षेच्या तक्त्यात कोठेच नाही. दोन्ही खेळाडूंच्या मागे उत्तम वकील उभे होते. ज्यांच्यामागे ते नसतात त्यांची अवस्था यावरून कल्पावी.

परतीचे १० महिने

१९ मार्च २०२४ रोजी, निकालानंतर १४ दिवसांनी, ती मायामीत पाउला बादोसाविरुद्ध खेळली. पहिला सेट ६-१ असा जिंकून पुढचे दोन ४-६, ३-६ असे हरली. त्या पहिल्या सेटमधल्या हालचाली पाहून ती लवकरच परतेल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात मे महिन्यात पॅरिसमधल्या दुय्यम स्पर्धेत मॅकार्टनी केस्लरविरुद्धचा सामना तिने अर्ध्यावर सोडला. ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगमध्ये ती युआन युएकडून पहिल्याच फेरीत हरली. जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या पात्रता फेरीचे वाइल्ड कार्ड मिळूनही गुडघा आणि खांद्याच्या दुखण्यामुळे तिने माघार घेतली.

कारकीर्द बंदीनेच संपवली, असे म्हणण्याचा मोह येथे होतो, आणि तो आवरायला हवा. पोटरी २०२१ साली फाटली होती, निवृत्तीचा विचार २०२२ च्या आरंभीच मनात होता आणि धावण्यावर उभ्या असलेल्या शैलीला तिशीनंतर सवलत मिळत नाही. बंदी नसती तरी गुडघ्याने कधीतरी थांबवलेच असते. मात्र ३१ व्या वर्षापासून साडेबत्तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ हा अशा खेळाडूच्या हातात उरलेल्या मोजक्या हंगामांचा मोठा हिस्सा असतो, आणि स्पर्धेच्या सामन्यांशिवाय केलेला सराव शरीराला त्या वेगाची सवय ठेवू देत नाही. या दोन कारणांचे प्रमाण कोणालाही ठरवता येणार नाही.

४ फेब्रुवारी २०२५ रोजी क्लुज येथील ट्रान्सिल्व्हेनिया स्पर्धेच्या पहिल्या फेरीत इटलीच्या लुचिया ब्रोन्झेट्टीने तिला ६-१, ६-१ असे हरवले. सामन्यानंतर कोर्टवरच, रोमानियन प्रेक्षकांसमोर, रोमानियन भाषेत तिने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा ती ३३ वर्षांची होती आणि क्रमवारीत ८७० व्या स्थानावर.

नोंद काय राहिली

निकालाने तिच्या कारकिर्दीतून प्रत्यक्ष काय काढून घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. २९ ऑगस्ट ते ७ ऑक्टोबर २०२२ या कालावधीतले तिचे सर्व निकाल, गुण आणि बक्षिसे रद्द करण्यात आली. टोरांटोचे विजेतेपद त्याआधीचे होते, म्हणून ते कायम राहिले. २४ विजेतेपदे, २ ग्रँड स्लॅम आणि ६४ आठवडे यांना धक्का लागला नाही. त्या सुमारे ६ आठवड्यांत ती खेळली होती तो सामना एकच, न्यूयॉर्कचा, दारिया स्निगूरविरुद्धचा पहिल्या फेरीतला. अधिकृतरीत्या रद्द झाला तो तेवढाच, आणि तो ती आधीच हरलेली होती.